सहाशे साच्यांचा प्रश्न

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या लहानपणी आमच्या बेळगावच्या घरात दोन वडीलधारी साक्षर माणसे होती, आणि त्या दोघांना एकमेकांचे लिहिलेले वाचता येत नव्हते. आजोबा मराठी शाळेत चार यत्ता शिकलेले; ते रोज नागरी लिपीतील वर्तमानपत्र वाचीत. आजी बारदेशातून लग्न होऊन इकडे आलेली. तिचे कोंकणी प्रार्थनापुस्तक रोमन लिपीत छापलेले होते, आणि माहेरी बहिणीला ती पत्रे लिही तीही रोमन लिपीतच. शांतीचा 'श' ती एक्स या अक्षराने लिहीत असे. आजोबांना ती गुणाकाराची फुली वाटे. तिने बोललेला शब्दन् शब्द त्यांना समजे. तिने लिहिलेली ओळ मात्र परकी. सायंकाळी आजोबांचे वर्तमानपत्र मी आजीला वाचून दाखवी, आणि ती माळ ओढता ओढता सारे लक्षपूर्वक ऐके.

एकाच घरात ही लिपीची भिंत कोणी घातली? पुष्कळ वर्षे मी समजत होतो की ती धर्माने घातली. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा दिसले, की धर्म आणि राज्यसत्ता यांच्या जोडीला त्या भिंतीचा तिसरा एक गवंडी होता, आणि त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे यंत्र. त्या गवंड्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात उतरले. ते खरे म्हणजे आपल्यासाठी आलेच नव्हते. हबसाणात जावयास निघालेल्या जेझुइट मंडळींच्या सामानात ते होते. तिकडची राजकीय हवा अनुकूल नाही असे कळल्यामुळे मंडळी अडकली आणि यंत्रही अडकले. जुन्या गोव्यातील सेंट पॉल विद्यालयात ते बसविले गेले आणि त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. यंत्राबरोबर आलेले खिळे अर्थातच रोमन अक्षरांचे होते.

पुढे १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक गोव्यात आले. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी बहुतेक साष्टी प्रांतात काढली, इथल्या भाषा आत्मसात केल्या, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केल्या असतील. पाठ्यपुस्तकात त्या आपण नागरीत वाचल्या. परंतु १६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ प्रथम छापून निघाला तेव्हा त्यात नागरी अक्षर नव्हते. मराठी भाषेचे ते गौरवगान रोमन खिळ्यांनी छापले गेले होते.

असे का व्हावे? स्टीफन्स यांना देशी अक्षरांचे प्रेम नव्हते काय? होते, आणि त्याला लेखी पुरावा आहे. १६०८ साली रोम येथील आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले होते, की या भूमीच्या भाषेत आणि या भूमीच्याच अक्षरांत पुस्तके छापलेली पाहावी ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. मलबाराकडे तसे घडलेही होते. कोल्लम येथे १५७८ साली तमिळ अक्षरांत पुस्तक छापले गेले होते. मग इकडे अडचण कोणती? स्टीफन्स यांनी ती आकड्यांत सांगितली आहे. युरोपाच्या लिपीला चोवीस साचे पुरतात. इथल्या लिपीला सहाशे लागतील, आणि एवढे साचे पाडणे अशक्यप्राय वाटते. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणकलेवरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात या पत्राची हकीकत दिली आहे.

सहाशे हा आकडा अतिशयोक्तीचा वाटेल, म्हणून थोडा हिशेब करू. चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी स्वतंत्र खिळ्यांनी छापावयाची म्हटली, तर चारशे आठ खिळे झाले. त्यांत स्वर मिळवा, जोडाक्षरे मिळवा, आकडे मिळवा. सहाशेची मजल सहज गाठली जाते. प्रत्येक अक्षर आधी पोलादी ठशावर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर मारून साचा करावयाचा आणि त्या साच्यात शिशाचे खिळे ओतावयाचे. कुशल कारागिराच्या आयुष्यातील कित्येक वर्षे या कामी खर्ची पडावयाची.

साच्यांची अडचण हेच एकमेव कारण होते असे माझे म्हणणे नाही. युरोपातून येणाऱ्या धर्मोपदेशकांना रोमन लिपी सोयीची होती. राज्यकर्त्यांना तर देशी भाषाच नकोशी होती. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असे बजावले. म्हणजे सत्तेला जे हवे होते आणि यंत्राला जे सोपे होते ते एकच निघाले, आणि अशा वेळी दुर्बळाच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही.

पुढचा इतिहास चटका लावणारा आहे. स्टीफन्स १६१९ साली वारले. त्यांचे पुराण १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, तेही रोमन लिपीत. १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली, तीही रोमन. हस्तलिखितांच्या वाटेने मात्र ग्रंथ नागरीतही जिवंत राहिला होता. अशी एक नागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात आढळली. अखेर संपूर्ण 'ख्रिस्तपुराण' नागरी अक्षरांत छापले गेले ते श्री. शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, पुण्यात, १९५६ साली. गोव्यात यंत्र उतरले १५५६ साली. एका पुस्तकाला आपली अक्षरे मिळण्यास यंत्र येऊनही चारशे वर्षे लागली! तेवढ्या अवधीत एका समाजाच्या किती पिढ्यांची अक्षरओळख घडून गेली असेल, त्या पिढ्यांत माझी आजीही आली, याचा विचार करावा.

हा केवळ गोव्याच्या ख्रिस्ती समाजाचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल तर त्याला मी मोडीची आठवण देईन. दोन-तीन शतकांपूर्वी मराठी माणूस पत्र लिही, हिशेब ठेवी, खत करी ते मोडीत. बोरूला ती लिपी धावती होती. परंतु मुद्रणाची पेठ बाळबोध अक्षरांभोवती वसली. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनी छापले आणि १८१० साली मराठी कोश मोडी खिळ्यांनी. म्हणजे यंत्राला मोडी अशक्य नव्हती. पण छापील वाचनाची सवय बाळबोधीची पडली, शाळेत तीच चालली, आणि विसाव्या शतकात मोडी आपल्या हातातून निसटून गेली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत मोडीचे रुमालच्या रुमाल पडून आहेत, आणि घराघरांतून पणजोबांचे खत वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. आमच्या आजीआजोबांमध्ये जी भिंत होती, ती आपणां सर्वांच्या आणि आपल्या पणजोबांच्या मध्ये उभी आहे.

येथवर मी यंत्राचा दोष सांगितला असे वाटेल. परंतु यंत्र हट्टी नसते; त्याला अट घालणारे कोणी भेटले तर ते वाकते. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापील पंचांग काढले. त्या काळी शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींना छापील पोथी चालत नसे. गणपत कृष्णाजींनी ग्राहकांना हसून वाटेला लावले नाही आणि छापखानाही बंद केला नाही. चरबीऐवजी तूप घालून शाई सिद्ध केली. सोवळ्याचा तो आग्रह आपणांस पटो वा न पटो, समाजाने मागितले आणि यंत्राने दिले, हे त्यातले तथ्य आहे.

आता आजच्या काळाकडे वळू. माझे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मोबाइलवर मराठी लिहितात ते बहुतेक रोमन अक्षरांत. मागील वर्षी एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी भेटीस बोलावले. त्यांचे उत्तर आले, ते मी असे वाचले: "मी माळ्यात आहे, रात्री येतो." हा गृहस्थ दिवसभर माळ्यावर काय करीत असावा, असे कोडे मला पडले. ते रात्री आले, पायाला माती होती. तेव्हा उलगडा झाला की ते मळ्यात होते. मला, मळा, माळा आणि माला हे चार शब्द रोमन लिपीत एकाच चार अक्षरांचे होतात. जुन्या गोव्यातील मंडळींनी निदान मूर्धन्य वर्णासाठी अक्षर दुबार लिहिण्याची रीत पाडली होती. आपण तेवढेही कष्ट घेत नाही.

ही सवय कोठून लागली? येथेही एक आकडा आहे. मोबाइलवरून जे लघुसंदेश जात, त्यांतील एका संदेशात रोमन अक्षरे एकशे साठ मावत. नागरीत लिहिले की मर्यादा सत्तरवर येई. म्हणजे तोच निरोप नागरीत पाठविण्यास अनेकदा दोन संदेशांचे पैसे पडत. शिवाय प्रारंभीच्या पुष्कळ यंत्रांत नागरी अक्षरे नव्हतीच. स्टीफन्स यांच्यापुढे चोवीस आणि सहाशे यांची निवड होती. आपल्यापुढे एकशे साठ आणि सत्तर यांची होती. चारशे वर्षांनी तोच प्रश्न नव्या वेषात आला.

परंतु एक मोठा फरक आहे. स्टीफन्स यांची अडचण खरी होती. आपली आता सरली आहे. १९९१ साली युनिकोड नावाची जागतिक संकेतपद्धती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला एकशे अठ्ठावीस घरांचा स्वतंत्र विभाग मिळाला. सहाशे साच्यांचे काम आता तेवढ्या घरांत भागते, कारण जोडाक्षर जुळविण्याचे काम यंत्र स्वतःच करते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातील खोलगट भाग, हा मराठीचा बारीक भेदही त्या पद्धतीत दाखविता येतो. २०१४ साली तर मोडीलाही तीत जागा मिळाली. पूर्वी माणूस तयार होता आणि यंत्र नाही म्हणत होते. आता यंत्र तयार आहे आणि माणूस आळस करीत आहे.

रोमन लिपीचा मी द्वेष करीत नाही. माझ्या आजीने त्या अक्षरांतून प्रार्थना केली आणि ती प्रार्थना उणी ठरली असे मी कधीही म्हणणार नाही. आज गोव्यात कित्येक कुटुंबांना ती लिपी वाडवडिलांचा ठेवा वाटते, आणि चारशे वर्षे जिने साथ दिली तिला परकी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? माझे सांगणे निराळे आहे. सोयीसाठी धरलेली वाट पुढच्या पिढीची सवय होते, तिच्या पुढच्या पिढीची ओळख होते, आणि मग एका घरातील दोन माणसे एकमेकांचे पत्र वाचू शकत नाहीत. हे वाटेवर असतानाच ओळखले पाहिजे.

या बाबतीत स्टीफन्स यांच्या वागण्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. साचे नाहीत म्हणून ते थांबले नाहीत. हाती असलेल्या खिळ्यांनी त्यांनी आपला ग्रंथ लोकांना दिला. आणि ग्रंथ देता येईल म्हणून त्यांनी मागणेही सोडले नाही. गोव्यात एकोणतीस वर्षे काढल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ते पत्र लिहिले. पहिली गोष्ट आपण सारे करतो. जे यंत्र हाती येईल ते जसेच्या तसे वापरतो. दुसरी करीत नाही. दुकानातून यंत्र घेताना त्यात माझी लिपी आहे काय, ती नीट उमटते काय, माझ्या म्हाताऱ्या आईला ती वाचता येईल काय, हे आपण विचारीत नाही. लिपीच काय, उद्या येणारी प्रत्येक नवी सोय आपल्याला याच प्रश्नापुढे उभी करणार आहे.

यंदा मी वर्गातील मुलांना एक लहान गृहपाठ दिला: घरातील सर्वांत वडील माणसाला मोबाइलवरून नागरीत एक निरोप पाठवावा. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितले, "सर, आजीनं तो स्वतः वाचला. आजवर माझे निरोप ती बाबांकडून वाचून घ्यायची." ती मुलगी सहज बोलून गेली. मला मात्र आमच्या घरातील ती सायंकाळ आठवली, आणि आजोबांच्या वर्तमानपत्राकडे नुसतीच पाहत बसलेली माझी आजी आठवली.