दोन मेंदूंचा राउटर आणि राहून गेलेली शेवटची पायरी

इंटरनेट कंपन्या मध्यरात्री 'मेंटेनन्स' म्हणजे नक्की काय करतात, असं खूप जण विचारता. तर आज माझीच एक रात्र सांगतो. चूक आमचीच होती, हे आधीच कबूल करतो.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. बीटेक झालं आणि एका इंटरनेट पुरवठादाराकडे नेटवर्क टीमसाठी स्क्रिप्ट लिहायला लागलो. तोवर राउटर म्हणजे माझ्यासाठी घरातला अँटेनावाला डबा. इथला राउटर उचलायला दोन माणसं लागायची, आणि त्याला मेंदूही दोन. ज्युनिपरवाले त्याला राउटिंग इंजिन म्हणतात, सिस्कोवाले रूट प्रोसेसर. एक मास्टर, दुसरा बॅकअप. मेंदू फक्त रस्ते ठरवतो. पॅकेट पुढे ढकलायचं काम लाइन कार्डांवरच्या चिप करतात. त्यामुळे मेंदू बदलला तरी ट्रॅफिक चालू राहू शकतं. फक्त दोघांचं आधीपासून एकमेकांशी बोलणं चालू हवं. आमच्या ज्युनिपरवर त्यासाठी तीन गोष्टी लागतात: ग्रेसफुल स्विचओव्हर, नॉनस्टॉप राउटिंग आणि कमिट सिंक्रोनाइझ. शेवटची महत्त्वाची. एका मेंदूवर केलेला बदल ती दुसऱ्यावरही उतरवते.

आता गंमत बघा. साध्या पद्धतीने अपग्रेड करताना ह्या सोयी आधी बंद करतात, कारण मध्ये काही वेळ दोन मेंदूंवर दोन वेगळी व्हर्जन असतात. मग बॅकअप अपग्रेड करायचा, मास्टरपद त्याच्याकडे द्यायचं, मग जुना मास्टर अपग्रेड करायचा. आणि सगळ्यात शेवटी बंद केलेलं परत चालू करायचं. मास्टरपद देताना लाइन कार्डं रीस्टार्ट होतात, म्हणून काही मिनिटं सगळं बंद पडतं. ग्राहकांना तसं आधी कळवलेलं होतं.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी मी स्विच केलं. कार्डं वर आली, बीजीपी सेशन वर आली. मी मनाने घरी पोचलोसुद्धा! तेवढ्यात माझ्याच स्क्रिप्टने लाल ओळ टाकली: आधीपेक्षा ४१ ग्राहक कमी. पाठोपाठ एका हॉस्पिटलचा फोन. त्यांचे रात्रीचे सीटी स्कॅन घरी बसलेल्या डॉक्टरांकडे जायचे, ते जाईनात.

झालं होतं असं, की ८ महिन्यांपूर्वीच्या अपग्रेडमध्ये ती शेवटची पायरी राहून गेली होती. तेव्हापासूनचा प्रत्येक बदल एकाच मेंदूवर. मधल्या काळात जोडलेले ग्राहक नव्या मास्टरला माहीतच नव्हते. दिवे मात्र दोन्ही हिरवे! आणि माझी स्क्रिप्ट काय तपासायची, तर बॅकअप जिवंत आहे का. त्याला काय माहीत आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सरांना फोन लावला.

"जुन्या मास्टरला हात लावलायस?"

"नाही सर, तसाच आहे."

"मग घाई करू नकोस."

परत उलटं स्विच करावं तर कार्डं पुन्हा रीस्टार्ट, म्हणजे जे चालू होते तेही बंद. सर म्हणाले, तिकडची कॉन्फिग फाइल इकडे घे. घेतली, लोड केली. कमिट करायच्या आधी फरकाची एकेक ओळ त्यांनी मला फोनवर मोठ्याने वाचायला लावली. तेव्हा वैताग आला होता, खरं सांगतो. पण त्यात दोन ओळी अशा निघाल्या ज्या नव्या व्हर्जनला चालणार नव्हत्या. त्या सुधारल्या, कमिट चेक केलं, मग कमिट.

हॉस्पिटल ३७ मिनिटं बंद होतं. तेवढ्या वेळात त्यांच्या टेक्निशियनने मॉनिटरचे फोटो काढून मोबाइल डेटावर डॉक्टरांना व्हॉट्सॲप केले होते. हे दुसऱ्या दिवशी कळलं. पेशंट बरा होता, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहाटे दुसरा मेंदूही अपग्रेड केला आणि तिन्ही गोष्टी चालू केल्या. आता माझी स्क्रिप्ट दोन्हीकडच्या कॉन्फिगमधला फरक काढते, आणि फरक असेल तर पुढे जाऊच देत नाही. तुमच्याकडे असा राउटर असेल तर आजच बॅकअपवर लॉगिन करा आणि शेवटच्या कमिटची तारीख बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!