ड्रेनेजचा प्रश्नही आपलाच

(वॉर्डातील मराठी रहिवाशांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सीमाप्रश्नावर बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. पण आज मी ड्रेनेजवर बोलणार आहे. नाकाला रुमाल लावण्याआधी पाच मिनिटे ऐकून घ्या.

बळ्ळारी नाला येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, हलगा अशा आपल्याच शिवारांतून जातो. याच शिवारांत वाडवडिलांनी बेळगाव बासमती पिकवला. आज त्या नाल्यातून शहराचे मैलापाणी वाहते. नाला फुगला की ते भातात शिरते, रोप कुजते. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर कोणी विसरलेला नाही.

हे होते कसे? मैलापाणी उताराने वाहते. उतार संपला की ते खोल विहिरीत साठवून पंपाने उचलावे लागते. पंप जुना झाला, वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, की विहीर भरते आणि पाणी मागे फिरते. आधी चेंबरमधून रस्त्यावर येते, मग सखल घरांच्या संडासात. पाईपांची कथा आणखी वाईट. साचलेल्या मैल्यातून वायू निघतो, पाईपच्या वरच्या अंगाला त्याचे आम्ल बनते आणि ते सिमेंट खाते. वर डांबर गुळगुळीत असते, आणि एके दिवशी ट्रकचे चाक आत जाते. सांधे निखळले की पावसाचे पाणी आत शिरते आणि उन्हाळ्यात मैला बाहेर झिरपतो. जुन्या पेठांतल्या आपल्या परसातल्या विहिरी त्याच जमिनीत आहेत.

२००८ मध्ये शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आले. त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण घरात आलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा हिशेब असतो. नळ नवे आणि गटार आजोबांचे, हे कसे जमायचे?

हलग्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी सुपीक जमीन घेतली गेली. शेतकरी कोर्टात गेले, आपण त्यांच्याबरोबर उभे राहिलो, आणि ते बरोबरच होते. पण तिथवर मैला नेणारे पाईप आणि पंपच फुटके असतील, तर शेतकऱ्याची जमीनही गेली आणि मैलाही त्याच्याच शेतात आला.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात गेलो की सगळे सुटेल. निपाणीकरांनो, तुमचे सोयरे कोल्हापुरात आहेत, त्यांना विचारा. तिथे जयंती नाल्याचे पाणी अडवून, पंपाने उचलून कसबा बावड्याच्या केंद्रात पाठवतात. केंद्र दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे आहे. तरीही पंप थांबले की पाणी बंधाऱ्यावरून सांडून पंचगंगेत जाते. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की काय होते, हे त्याच नदीकाठच्या इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत भोगले. माणसे गेली.

आता एक कडू गोष्ट. अनेक वर्षे महापालिकेत आपलीच माणसे होती. सीमाप्रश्नाच्या ठरावापायी २००५ साली महापालिका बरखास्त झाली, याचा मला अभिमान आहे. पण ड्रेनेजच्या पाईपसाठी आपण तेवढ्या तळमळीने कधी भांडलो? सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. त्याला तारखा पडतात, नाला मात्र तारखेची वाट पाहत नाही.

आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरवू देऊ नका. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. ‘लवकर काढून टाका हो’ म्हणणारे आपणच असतो.

आपण माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागू: कोणता पाईप किती जुना आहे, पंप किती वेळा बंद पडले, आणि बदलण्यासाठी या वर्षी किती रक्कम ठेवली आहे. उत्तर मराठीतून मागू. कन्नड भाषक शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊ, मैला भाषा विचारून घरात शिरत नाही.

अर्ज टेबलावर ठेवले आहेत. जाताना सही करा. ज्यांच्या दारात चेंबर उसळतो, त्यांनी मागच्या बाजूस गल्लीचे नाव आणि तारीख लिहावी.