शंकरपाळ्याचे कोपरे



दिवाळीच्या फराळाची तयारी चालली होती. चार वर्षांची नात पोळपाटाशी येऊन बसली. मी मैद्याची पोळी लाटली, कातण्यानं उभ्या पट्ट्या पाडल्या, मग आडव्या. तिनं एक तुकडा उचलला, टोकावर उभा धरला आणि म्हणाली, "आजी, आता हा चौकोन नाही. शंकरपाळं झालं!"

"कशावरून गं?" मी विचारलं.

"टोक वर आलं ना!"

"बरं, कोपरे मोज." चार निघाले. तुकडा आडवा ठेवून पुन्हा मोजले, तरी चारच. ती बराच वेळ तो फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "फिरवला तरी तोच आहे."

मी "चुकलीस" म्हणाले असते, तर हे तिचं तिला सापडलं नसतं. चित्रांच्या पुस्तकांत त्रिकोण बहुधा पायावर बसलेला आणि टोक वर केलेला असतो. तोच उलटा केला की पुष्कळ मुलं त्याला त्रिकोण म्हणायला तयार होत नाहीत. म्हणून आकाराचं नाव विचारून थांबू नका, "कशावरून?" हेही विचारा.

आपली भाषा इथे मदतीला येते. तीन कोन तो त्रिकोण, चार कोन तो चौकोन. नावातच खूण आहे. घरात आपण चौरसालाही चौकोन म्हणतो आणि आयतालाही. ते चूक नाही, दोन्ही चौकोनच आहेत.

नंतर आम्ही पट्ट्या तिरप्या कापल्या. या तुकड्यांच्याही चारी बाजू सारख्याच, पण दोन कोपरे टोकदार आणि दोन पसरट. मी एक कागद दोनदा घडी घालून दिला. नीट घातलेल्या दोन घड्यांचा कोपरा काटकोनी होतो. गवंड्याच्या गुण्यासारखा तो लावून तिनं आधीचा आणि हा तिरपा, असे दोन्ही तुकडे तपासले. पहिल्याला बसला, दुसऱ्याला बसला नाही. काटकोन हा शब्द मी त्यानंतरच सांगितला.

असं शिकायला विकतची साधनं लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आणली.

पालकांनो, यंदा शंकरपाळी कराल तेव्हा शेवटची पोळी मुलांना कापू द्या. आकार वेडेवाकडे होतील, काठाला त्रिकोणी तुकडे उरतील. तेही तळा, आणि खाण्याआधी त्यांचे कोपरे मोजायला सांगा.