जनरेटर घ्या, पण आधी हिशेब मांडा

(सांगली जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला घरच्या जनरेटरवर बोलायला सांगितले आहे. भावाचे बोलायचे सोडून हे इंजिनाचे काय काढले, असे काहींच्या तोंडावर दिसते आहे. जरा थांबा, भावापाशीही येतो.

२०२० साली केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. वितरण कंपनीने सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज द्यावी, असे त्यात लिहिले आहे. वाचून बरे वाटते. त्याला लागूनच लिहिले आहे की, शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकेल. म्हणजे हक्क सगळ्यांना, तास ज्याचे त्याला! गावठाणाचे फीडर वेगळे झाल्यापासून गावातली वीज पूर्वीपेक्षा बरी टिकते, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याचे घर मळ्यात, गोठा मळ्यात, त्याने काय करायचे?

आणि पूर आला की तासांचा प्रश्नच उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. रोहित्रे पाण्यात गेल्यावर वीज बंद करावीच लागते, त्यात कोणाला दोष देता येत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दुधाचे संकलन थांबले, डिझेल मिळेना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. तेव्हा वीज जाणार हे धरूनच घराची आखणी करायची.

आता हिशेब. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती केव्हीएचा देऊ?" त्याला उत्तर देण्याआधी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसा. पाच दिवे, तीन पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून अर्धा किलोवॉट होत नाही. नुसते दिवे-पंखेच चालवायचे असतील तर जनरेटर घेऊच नका. १५० अँपिअर-तासांची बॅटरी लावलेला साधा इन्व्हर्टर दोनशे वॉटचा भार चार तास आरामात ओढतो. जनरेटर लागतो तो मोटारीसाठी.

मोटार चालताना जेवढा करंट घेते त्याच्या पाचसहापट सुरू होताना मागते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, एवढ्यावर हिशेब केला की जनरेटर गुदमरतो. ५ केव्हीएचा सेट म्हणजे साधारण ४ किलोवॉट. त्यावर पिण्याच्या पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटार आणि घर चालते, दूध काढायचे छोटे यंत्रही चालते. मात्र सगळे एकदम चालू करायचे नाही. आधी मोटार, ती वेगात आली की बाकीचे. कडबाकुट्टी वेगळ्या वेळेला. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार साध्या स्टार्टरवर चालवायची तर १५ केव्हीएचा सेट लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्शावर येतो.

मग मोठाच घेऊन टाकू, असे म्हणू नका. मोठे डिझेल इंजिन कमी भारावर तासन् तास चालले की डिझेल पुरते जळत नाही, सायलेन्सरमधून काळे तेल गळते, इंजिनाचे आयुष्य घटते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने ट्रॅक्टरवर चालणाऱ्या अल्टरनेटरचा आधी विचार करावा, असे माझे मत आहे. इंजिन दारात उभेच आहे, त्याची निगा रोज राखली जातेच. फक्त फेरे नेमून दिल्याप्रमाणे स्थिर ठेवता आले पाहिजेत.

आता भावाकडे येतो. चांगल्या भारावर एक लिटर डिझेलमध्ये तीन युनिट मिळतात, लहान सेट हलक्या भारावर दोनच देतो. डिझेल ९० रुपये धरा. युनिट पडले ३० ते ४५ रुपयांना. दहा गाईंचा गोठा, दोन वेळचे दूध काढणे, पाणी, कुट्टी यांना दिवसाला पाच युनिट लागली तर दोन लिटर डिझेल, १८० रुपये. दूध शंभर लिटर निघत असेल तर लिटरमागे एक रुपया ऐंशी पैसे. यात जनरेटरची किंमत धरलेली नाही. दुधाचा दर ठरवताना हे पैसे कोण धरतो? आणि जनरेटर न चालवावा तर दूध काढायला उशीर होतो, कास तटते, दगडी होते, गाय हातची जाते. ज्या दिवशी जनरेटर चालवाल त्या दिवशीचे तास आणि डिझेल वहीत लिहा. पुढच्या वेळी दराची बोलणी होतील तेव्हा तोंडी तक्रारीपेक्षा ती वही उपयोगी पडेल.

यापुढचे मात्र कान देऊन ऐका. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मी हे पाहिले आहे. पोरे त्याला जुगाड म्हणतात. मेन स्विच पाडायचा विसरला की ती वीज उलटी तारेवर जाते आणि रोहित्रातून पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. त्याच वेळी आपली लाईन जोडायला खांबावर चढलेला वायरमन तिथे असतो. बहुतेक वेळा तो कंत्राटी असतो आणि आपल्याच कोणा शेतकऱ्याचा पोरगा असतो. तेव्हा चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घरात आणू नका. सिंगल-फेजला न्यूट्रलसकट दोन्ही तारा तोडणारा, थ्री-फेजला चार पोलचा. अर्थिंगही वेगळे करून घ्या.

धुराचेही तसेच. पावसात भिजतो म्हणून जनरेटर पडवीत किंवा कोठीत आणतात. त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. बाहेर, खिडक्यांपासून लांब, बाजू मोकळ्या असलेल्या छपराखाली ठेवा. नदीकाठच्या गावांनी ओटा २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या वर बांधावा. नाहीतर पुरासाठी घेतलेला जनरेटर पुरातच बुडायचा.

मागून एका भावाने विचारले, वर्षभर उभा राहिलेला सेट ऐनवेळी चालेल का? चालणार नाही. बॅटरी उतरलेली असते, टाकीच्या तळाला पाणी साचलेले असते. महिन्यातून एकदा अर्धा तास, तोही भार देऊन चालवा. मे महिन्यात ऑईल आणि फिल्टर बघून घ्या. चाळीस लिटर डिझेल पत्र्याच्या कॅनमध्ये घरापासून लांब ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ते ट्रॅक्टरमध्ये ओतून ताजे भरा.

चहा आला आहे. चेंजओव्हर स्विच बाहेर टेबलावर उघडून ठेवला आहे. ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी तो हाताळून बघितल्याशिवाय जाऊ नये.