रात्रभर चालणारे गणित आणि संगणकाचे खळे



सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेताचे क्षेत्र हेक्टर आणि आर यांत मांडलेले असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. जुन्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘सेंटिनेल-२’ मालिकेतले उपग्रह जमिनीचे जे चित्र घेतात, त्यातला बारकातला बारीक ठिपका बरोबर एवढ्याच जागेचा असतो. एकरभर कपाशीवर असे चाळीस ठिपके पडतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तोच मुलूख पुन्हा पाहतात, आणि ही चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

नागपूर हे तर माती आणि पीक यांच्या अभ्यासाचे माहेरघर. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो येथे आहे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र येथे आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही येथेच आहे. पण उपग्रहाची चित्रे वाचण्यासाठी आज मोठ्या संस्थेतच असले पाहिजे असे नाही. ‘स्नॅप’ नावाची प्रणाली फुकट मिळते, आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही ती चालते.

अडचण येते ती पुढे. संध्याकाळी काम लावून घरी जावे आणि सकाळी येऊन पाहावे, तर पडद्यावर एकच निरोप : स्मृती संपली. रात्र फुकट गेली. मग विद्यार्थी म्हणतात, यंत्र जुने झाले, नवे घ्या. नव्या यंत्राला पैसे लागतात. म्हणून खरेदीचा विचार करण्याआधी आहे त्याच यंत्राची जुळणी कशी करावी, ते आज पाहू.

ही प्रणाली मुख्यतः जावा या भाषेत लिहिलेली आहे. १९९५ साली ‘सन’ कंपनीने ही भाषा जगापुढे आणली. जावातला कार्यक्रम थेट यंत्राशी बोलत नाही. मध्ये एक दुभाषा असतो. त्याला आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हा दुभाषा आरंभी एकेक सूचना वाचून पार पाडतो. तीच सूचना हजारो वेळा आली, की तिचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करून ठेवतो, आणि मग कामाला वेग येतो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांवरून रात्रभराच्या कामाचा अंदाज बांधू नये. नव्या बैलजोडीची पारख कोणी पहिल्याच तासावर करतो काय?

आता खळ्याचा दृष्टान्त घेऊ. मळणी चालू असते, दाणे पडतात, कुटार साचते. खळे भरले की मळणी थांबवून कुटार बाजूला ओढावे लागते. आभासी यंत्राचेही असेच आहे. हिशेब करताना ते तात्पुरते आकडे मांडते. काम झाले की ते आकडे म्हणजे कुटारच. ते झाडण्यासाठी हिशेब मधून मधून थांबतो. खळे फार लहान असेल, तर मळणी थोडी आणि झाडलोट जास्त, अशी गत होते. झाडूनही जागा मिळेनाशी झाली, की कामच बंद पडते. सकाळी दिसणारा निरोप तो हाच.

मग खळे किती मोठे असावे? हे आपण ठरवू शकतो. आपण काहीच सांगितले नाही, तर आभासी यंत्र साधारणतः संगणकाच्या स्मृतीचा चौथा हिस्सा हीच मर्यादा धरते. आठ जीबीच्या यंत्रावर दोन जीबी. ‘एक्सएमएक्स’ नावाच्या खुणेपुढे आकडा लिहून ती बदलता येते, आणि स्नॅपच्या मांडणीतही त्यासाठी जागा ठेवलेली आहे. सेंटिनेलच्या एका चित्राच्या एका पट्टीत १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे बारा कोटींवर ठिपके असतात. पिकाचा हिरवेपणा काढायला तांबडी पट्टी, अवरक्त पट्टी आणि उत्तर अशा तीन पट्ट्या लागतात. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर तिन्ही मिळून जवळजवळ दीड जीबी झाले. प्रणाली चित्राचे तुकडे पाडून काम करते म्हणून एरवी निभावते. पण तीन-चार चित्रे एकदम हाती घेतली, की दोन जीबीचे खळे पुरत नाही.

तर मग आठही जीबी देऊन टाकावे काय? मुळीच नाही. संगणकाला स्वतःच्या कारभारालाही जागा हवी. ती उरली नाही, तर तो आकडे तबकडीवर नेऊन ठेवतो आणि हवे तेव्हा परत आणतो. म्हणजे खळे गावाबाहेर आणि धान्य डोक्यावरून वाहायचे! अशा यंत्रावर पाच जीबीपासून आरंभ करावा, हे बरे.

झाडलोटीच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून जावा सहसा ‘जी-वन’ नावाची पद्धत वापरते. खोळंबा आणि वेग यांचा ती मेळ घालते. ‘पॅरलल’ पद्धतीत काम पुरते थांबवून सगळे हात एकदम झाडायला लागतात. समोर माणूस खोळंबला असेल, तर थांबा लहान हवा. पण रात्रीच्या कामाला मधल्या थांब्याचे काय? तेथे एकूण वेळ महत्त्वाचा, आणि त्याला ‘पॅरलल’ पुष्कळदा सोयीची पडते.

पुष्कळदा म्हटले; नेहमी नव्हे. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे, की विद्यार्थ्यांना वही घालायला सांगा. झाडलोटीची नोंद ठेवण्याची सोय जावातच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एका लहान चित्रावर वेळ मोजावी, वहीत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा ते कळत नाही. खत आणि बियाणे एकाच हंगामात बदलणाऱ्याची जी फसगत होते, तीच येथे होते.

आणखी एक. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा दहा चित्रांचे एक काम न लावता दहा कामे लावावी आणि प्रत्येकाचे उत्तर लगेच जपून ठेवावे. मध्यरात्री अंधार झाला, तरी एकाच चित्राचे नुकसान होईल.

याची खरी गरज पावसाळ्यात पडते. आषाढ-श्रावणात ढगांमुळे साधी चित्रे निकामी होतात, आणि ढगांपलीकडले पाहणाऱ्या ‘सेंटिनेल-१’ या रडार उपग्रहाकडे वळावे लागते. त्याचे गणित अधिक जड असते. शिवारात पाणी कोठे तुंबले, हे पेरणी मोडण्याआधी कळले तर उपयोग. पंधरा दिवसांनी कळले तर तो नुसता इतिहास. म्हणून खळे आताच सारवून ठेवावे.