इंग्रजी एक, विषयागणिक भाषा वेगळी



वर्धापनदिनी अभ्यासवर्गाबद्दल चार शब्द बोलायची संधी कमिटीने दिली, आम्ही आभारी आहोत.

आपल्या कोनगावातली बरीच मुलं सेमी इंग्रजीत शिकतात. घरी मराठी, गणित-विज्ञान इंग्रजीत. स्पेलिंग-व्याकरण पक्कं केलं की झालं, असं आम्ही समजायचो. एका मुलाने आमचे डोळे उघडले. ‘वर्क’ म्हणजे काय, या प्रश्नाला त्याने लिहिलं, ‘वडील गोदामात करतात ते.’ मार्क शून्य!

उत्तर खोटं नव्हतं, पण विज्ञानाचं नव्हतं. विज्ञानात बल लावल्यावर वस्तू सरकली तरच ‘वर्क’. डोक्यावर गोणी घेऊन तासभर नुसता उभा राहिलेल्या हमालाचं गोणीवरचं ‘वर्क’ शून्य! बापाचा घाम खरा आणि पुस्तकातलं शून्यही खरं. दोन्ही का खरं, हे कुणीतरी मुलाला सांगायला नको का?

‘पॉवर’ घ्या. भिवंडीत पॉवर गेली म्हणजे लूम बंद. विज्ञानात पॉवर म्हणजे कार्य करण्याचा दर, बीजगणितात घात, नागरिकशास्त्रात सत्ता.

लिहिण्याची तऱ्हाही निराळी. प्रयोगाच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष; भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता. मुलं मागच्या वर्षीची वही उतरवून काढतात, तेव्हा अक्षर सुधारतं, विचार नाही. हे शिकवणं एकट्या इंग्रजीच्या सरांचं काम नाही. गणित-विज्ञानाच्या बाईंचंही आहे.

बाबासाहेबांकडे बघा. 1916 साली कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचला, 1919 ला साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, 1920 ला ‘मूकनायक’ मराठीत काढलं, 1923 ला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ आला. निबंध, साक्ष, अग्रलेख, ग्रंथ – प्रत्येकाची मांडणी वेगळी. नुसत्या इंग्रजीने हे साधलं नसतं.

म्हणून वर्गात आम्ही आधी मराठीत चर्चा करतो. मग ‘बिकॉज’, ‘देअरफोर’ घालून फळ्यावर सगळे मिळून उत्तर लिहितो. शेवटी ज्याने त्याने आपापलं.

आईबाबांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. रोज एवढंच विचारा, ‘बाळा, आज काय शिकलास, मराठीत सांग.’ ज्याला ते सांगता आलं, त्याला इंग्रजीत लिहायला आम्ही शिकवू.

जयभीम! नमो बुद्धाय!