दोन फंक्शन्सचा करार



अध्यक्षाने तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. मी मात्र एका फाइलीबद्दल बोलणार आहे. पायथॉनच्या बहुतेक नव्या प्रकल्पांत ती आज दिसते: पायप्रोजेक्ट.टॉमल.

२००० सालापासून पायथॉनचं पॅकेज बांधायचं म्हणजे सेटअप.पाय चालवायचं, असा शिरस्ता होता. आधी डिस्टयूटिल्स, मग त्यावर उभं राहिलेलं सेटअपटूल्स. अडचण अशी, की सेटअप.पाय हा स्वतःच एक प्रोग्राम. बांधणीला काय काय लागतं हे तो चालवल्याशिवाय कळत नसे, आणि सायथॉन किंवा नमपाय आधीच बसवलेलं नसेल तर पुष्कळदा तो चालतच नसे. किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, अशी गत! त्यातून पॅकेज बसवणारं पिप आणि सेटअपटूल्स एकमेकांत असे गुंतलेले, की तिसऱ्या साधनाला शिरकावच नव्हता.

२०१६ च्या पेप ५१८ या सुधारणा-प्रस्तावाने पहिला गुंता सोडवला. लागणारी साधनं पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये साध्या मजकुरात लिहून ठेवा, काही चालवायला नको. दुसरा गुंता पेप ५१७ ने सोडवला. नॅथनिएल स्मिथ आणि थॉमस क्लायव्हर यांचा हा प्रस्ताव २०१५ चा, पिपमध्ये तो आला २०१९ मध्ये. त्यानुसार बॅकएंडने, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्या साधनाने, दोनच फंक्शन्स द्यायची: एक व्हील, म्हणजे बसवायला तयार पॅकेज, बनवणारं, दुसरं सोर्सचा गठ्ठा बांधणारं. बाकीची ऐच्छिक. आत मेसनसारखं बांधणी-साधन चालवा, नाहीतर रस्टचा कंपायलर. पिपला त्याचं सोयरसुतक नाही. तयार व्हीलचं नाव हाती आलं की त्याचं भागलं.

त्याच वेळी पेप ५१६ हा प्रतिस्पर्धी प्रस्ताव होता. त्यात फंक्शन्सऐवजी कमांड चालवायची होती. तो फेटाळला गेला, आणि माझ्या मते योग्यच झालं. एखादं फंक्शन आहे की नाही, हे सहज तपासता येतं. म्हणून तर २०२१ मध्ये पेप ६६० ने ‘एडिटेबल’ बसवणीसाठी नवी ऐच्छिक फंक्शन्स आणली, तरी जुन्या बॅकएंडना धक्का लागला नाही. पायथॉन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स गेलं आणि नमपायने १.२६ पासून मेसन धरलं, तेव्हाही हाच करार कामी आला.

पण जिथे करार बोलत नाही, तिथे त्रास साचतो. पिप प्रत्येक बांधणी वेगळ्या, स्वच्छ वातावरणात करतो. त्या वातावरणात नमपायची ताजी आवृत्ती येई; तिच्यावर बांधलेलं एक्स्टेंशन जुन्या नमपायवर कोसळे. उपाय म्हणून ‘ओल्डेस्ट-सपोर्टेड-नमपाय’ नावाचं वेगळं पॅकेजच काढावं लागलं. अखेर २०२३ च्या नमपाय १.२५ ने ही कटकट मिटवली, तीही स्वतःच्या अंगणात. करार होता तसाच राहिला.

मला सर्वांत खटकतं ते या फंक्शन्सना पर्याय कळवणारं ‘कॉन्फिग सेटिंग्ज’. ही एक डिक्शनरी आहे एवढंच प्रमाणक सांगतं. तिच्यातल्या किल्ल्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. त्यामुळे डीबग बांधणी हवी असेल तर मेसन-पायथॉनला एका तऱ्हेने सांगा, सायकिट-बिल्ड-कोअरला दुसऱ्या. लेखकांनी हे जाणूनबुजून मोकळं सोडलं होतं, आणि २०१५ साली ते शहाणपणाचंच होतं, कारण तेव्हा हे बॅकएंड अजून जन्मायचे होते. आता ते वयात आले आहेत. डीबग बांधणी आणि कंपायलरचे पर्याय, एवढ्या दोन बाबींची तरी नावं त्यांनी आपसांत ठरवून घ्यावीत. बाकीची डिक्शनरी ज्याची त्याला लखलाभ.